किल्ला दाखवायचा, पण सांगायचं काय?



आपले दत्तगुरू एका जागी बसणारे नाहीत. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, असा त्यांचा नित्यक्रम परंपरेने सांगितलेला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला जो अवधूत भेटतो, तो आपल्या चोवीस गुरूंची यादी देतो. त्या यादीत पाठशाळेतला गुरू एकही नाही. पृथ्वी, वारा, समुद्र, पतंग, हत्ती, मासा, कबुतर, बाण घडवणारा कारागीर, अशी ही सगळी वाटेत भेटलेली मंडळी. अवधूत चालता चालता थांबला, नीट पाहिलं, विचार केला आणि पुढे निघाला. हल्ली आपली कुटुंबं फिरतात भरपूर. गाड्या आहेत, रस्ते झाले आहेत. पण थांबणं कमी झालं आहे.

मुलांना इतिहास कळावा म्हणून त्यांना घेऊन हिंडावं, हे आता सगळेच म्हणतात आणि ते बरोबरच आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्या जागी पोचल्यावर वडीलधाऱ्या माणसाने सांगावं काय? अभिमान वाटेल तेवढंच सांगावं, की जे झालं ते सगळं? मूल पाच वर्षांचं असो की पंधराचं, ते आपल्या तोंडाकडे पाहत असतं. तिथे खोटं बोलावं का? आपल्या अंकात या प्रश्नाला जागा असावी असं मला वाटलं, कारण हा नुसता शिक्षणाचा प्रश्न नाही, धर्माचा आहे.

मी बँकेत पस्तीस वर्षं कारकुनी केली, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या निरनिराळ्या शाखांमध्ये. आम्हा बँकवाल्यांना एलटीसी असायची. ब्लॉक संपत आला की सगळे सहकारी कन्याकुमारी, काश्मीर, दार्जिलिंग असं कुठेतरी दूर निघायचे. आम्हीही गेलो, मजा आली, अल्बम भरले. पण लांबच्या प्रवासाची एक अडचण आहे. तिथलं आपल्याला काही ठाऊक नसतं. गाईड बोलतो आणि आपण माना डोलावतो. मुलाने प्रश्न विचारला की आपण म्हणतो, "चल, चल, बस सुटेल." जवळच्या जागेचं तसं नाही. आज उत्तर आलं नाही तर पुढच्या सुट्टीत पुन्हा जाता येतं. म्हणून निवृत्तीनंतर आम्ही ठरवलं, नातवंडांना आधी खानदेश दाखवायचा. आम्ही दोघं जळगावला, मुलगा धुळ्याला. नातू यंदा दहावीत आहे, नात चौथीत. गाडी मुलगा चालवतो, मी मागे बसून बडबड करतो.

सुरुवात पारोळ्यापासून केली. पारोळ्याचा किल्ला भुईकोट, अगदी बाजारपेठेत. सन १७२७ मध्ये जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी तो बांधला असं गॅझेटियर सांगतं. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं सासर जे नेवाळकर घराणं, त्यांची ही जहागीर. सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ला जप्त केला. पुस्तकातली झाशीची राणी आपल्या एरंडोल-धुळे रस्त्यावर भेटली म्हणून पोरं हरखून गेली. पण तिथे जो भेटतो तो भुयाराची गोष्ट सांगतो. घोडा जाईल एवढं भुयार, थेट लांबच्या देवळापर्यंत. नातवाने मला विचारलं, "आजोबा, खरं आहे का हे?"

तेव्हा मी त्याला उचंत खातं समजावलं. बँकेत कधीकधी रक्कम येते, पण कोणाची आणि कशाची हे लगेच कळत नाही. ती रक्कम कोणी फेकून देत नाही, आणि कोणाच्या नावावरही टाकत नाही. ती सस्पेन्समध्ये, म्हणजे उचंत खात्यात ठेवतात. कागद मिळाला की योग्य त्या खात्याला वळवतात. भुयार उचंतला ठेव, म्हटलं. पोरांना हे इतकं आवडलं की पुढे तो खेळच झाला. कुठेही गेलं, कोणी काही सांगितलं, की नात विचारणार, "आजोबा, हे पक्कं की उचंत?"

इथे एखादा दत्तभक्त वाचक म्हणेल, मग देवाच्या कथाही उचंतला टाकायच्या का? नाही हो. श्रद्धेची वही वेगळी आणि इतिहासाची वेगळी. पादुकांपुढे हात जोडताना आपण व्हाउचर मागत नाही आणि मागूही नये. घोटाळा होतो तो एका वहीतली रक्कम दुसऱ्या वहीत लिहिली की. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्याकडची कितीतरी घरं कुळाचाराला जातात. ती झाली श्रद्धेची वही. पण त्याच पाटणला शके ११२८ सालचा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना शिलालेख मिळाला, ती इतिहासाची वही. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने (मुक्ताईचे चांगदेव ते वेगळे), आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. बाजारात माल उघडला की राजाकडे जी पट्टी जायची ती मठाला, तेल्याच्या घाण्यावरचं ठरावीक तेल मठाला, असा तो हिशेब. मला तर तो लेख वाचताना आपलंच एखादं जुनं लेजर उघडल्यासारखं वाटलं. भास्कराचार्य पाटणचेच का, यावर मात्र विद्वानांत वाद आहे. तेवढं उचंतला.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात नेलं तेव्हा नातीने मोडी कागद पाहून विचारलं, "ही नक्षी आहे का?" इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या घरातली दप्तरं धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात लोकांनी हे मंडळ सुरू केलं. माझ्या आजोबांच्या दुकानाची वही मोडीत आहे. आमच्या घरी ती देव्हाऱ्याखालच्या फडताळात असते आणि दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू पडतं. पूजा होते, वाचन होत नाही. नातवाने आता मोडी शिकायचं मनावर घेतलं आहे. दहावीनंतर, असं त्याची आई म्हणते.

इथवर सगळं सोपं होतं. कोडं पडलं ते थाळनेरला.

थाळनेर शिरपूर तालुक्यात तापीकाठी आहे. किल्ल्याचा बराचसा भाग ढासळला आहे, थोडे बुरूज आणि भिंती उरल्या आहेत. आम्ही गाडीतून उतरलो तर ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय देखाले उनात भाऊ आठे? आठे काहीच नही शे." काहीच नाही खरं. पण २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल हिस्लॉपच्या फौजेने या किल्ल्यावर तोफा डागल्या. होळकरांनी तहात खानदेश इंग्रजांना सोडून दिला होता, पण किल्ल्यावरच्या लोकांनी दार उघडलं नाही. मग किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन शरण आला. आतल्या शिबंदीत अरब शिपाई होते. इंग्रज अधिकारी दिंडी दरवाजातून आत शिरले तेव्हा एकमेकांची भाषा कळेना, बाचाबाची झाली, तलवारी निघाल्या आणि दोन अधिकारी मारले गेले. त्यावर फौजेने आतली सुमारे तीनशे माणसं कापून काढली. आणि जो आधीच शरण आला होता, त्या किल्लेदाराला फाशी दिलं. या फाशीबद्दल पुढे खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात प्रश्न उठला.

आता हे चौथीतल्या मुलीला सांगायचं का? सूनबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, फाशीबिशीचं नका सांगू. रात्री झोपणार नाही ती." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लहान मुलाला सगळा तपशील द्यायचा नसतो. पण मला वाटतं, कमी सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. 'आपले शूर सैनिक लढले आणि शत्रू पळाला' असं मी तिथे सांगू शकलो असतो. पोरगी खूश झाली असती. मी एवढंच सांगितलं, की किल्ल्याचा राखणदार हात जोडून बाहेर आला होता, तरी त्याला मारलं.

तिने विचारलं, "मग जिंकलं कोण?"

"इंग्रज."

"मग आपण इथे कशाला आलो?"

या प्रश्नाने मी बराच वेळ गप्प झालो. आपण पोरांना फक्त जिंकलेल्या जागाच दाखवत आलो, की त्यांना वाटणारच, हरलेल्या माणसाकडे जायचं कशाला. मी तिला तिच्या कामाचं उत्तर दिलं. म्हटलं, त्या साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढच्या वर्षी कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबाने कारभारासाठी धुळं निवडलं. आपल्या धुळ्याच्या गल्ल्या सरळ रेषेत आहेत ना, एक नंबर, दोन नंबर अशा? त्या तेव्हाच्या आखणीतल्या. इथे जे झालं त्यामुळे तुझं घर तिथे आहे. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पण नंतर गाडीत तिने आपणहून विचारलं, "त्या मामांना मुलं होती का?"

थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यातली एक अष्टकोनी, फार सुबक कोरीवकामाची. नातू म्हणाला, "ह्यांचं कशाला पाहायचं?" हे वाक्य त्याचं नाही, मोबाईलचं आहे. त्याला विचारलं, या मुलखावर सव्वादोनशे वर्षं ज्यांनी राज्य केलं, त्यांची पानं वहीतून फाडली तर मागची शिल्लक पुढे ओढणार कशी? खानदेश हे नाव त्यांच्या 'खान' या किताबावरून आलं असं काहीजण मानतात, काहीजण कान्हदेश म्हणजे कृष्णाचा देश म्हणतात. लगेच नात ओरडली, "उचंत!" नातू काही बोलला नाही, पण कबरीवरच्या नक्षीचे फोटो त्यानेच सगळ्यांत जास्त काढले.

सगळाच इतिहास तलवारींचा नसतो, हे दाखवायला एकदा साक्रीकडे पांझरेवर नेलं. तिथली फडपद्धत शेकडो वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतीचे फड पाडलेले, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि पाट साफ करायला सगळं गाव. याला स्मारक नाही आणि पाटीही नाही. नात पाटात पाय सोडून तासभर बसली. तो तास सहलीत धरावा की इतिहासात, ते माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला निघालो. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोडेबाजार, दोन्ही. आमच्या लहानपणी बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, आता कारच्या लागतात. धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाताना चिमठाणे लागतं. तिथे गाडी थांबवायला सांगितलं. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी इथे लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये, त्या काळचे. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. उत्तमराव पाटील अशी माणसं त्यात होती. पैसा चळवळीसाठी होता.

नात म्हणाली, "म्हणजे चोरी केली?"

मी पस्तीस वर्षं कॅश सांभाळलेला माणूस. बंदूकधारी गार्ड शेजारी बसवून रेमिटन्सच्या पेट्या नेलेल्या आहेत. मला हा प्रश्न हसण्यावारी नेता येईना. नातू म्हणाला, "चांगल्या कामासाठी घेतले तर चोरी नाही." त्यावर मी त्याला सांगितलं, चांगल्या कामासाठी म्हणून कॅशमध्ये हात घालणारेही मी पाहिले आहेत. बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन. कारणं खरी होती, तरी नोकऱ्या गेल्या. मग फरक कुठे आहे? पैसा मुळात कोणाचा होता, तो घेऊन माणसं स्वतःच्या घरी गेली का, आणि पकडल्यावर काय भोगावं लागेल हे त्यांनी आधी जोखलं होतं का, हे तिन्ही विचारावं लागतं. यावर बापलेकांचा वाद दोंडाईचा येईपर्यंत चालला. मला वाटतं, इतिहासाच्या पुस्तकातला 'खजिना लुटला' हा दोन शब्दांचा उल्लेख पाठ करण्यापेक्षा तो वाद बरा.

दर्शन झालं, घोडे पाहून झाले, आणि दुसऱ्या दिवशी नंदुरबारला माणिक चौकात गेलो. ९ सप्टेंबर १९४२. भारत छोडोची मिरवणूक पोलिसांनी अडवली आणि गोळीबार केला. पाच जण गेले. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा. शिरीषकुमार त्यांच्यात सगळ्यांना ठाऊक. जन्म डिसेंबर १९२६ चा, म्हणजे सोळाही पूर्ण नव्हते. व्यापाऱ्याच्या घरचा गुजराती बोलणारा मुलगा, आपल्याच बाजारपेठेतला.

नातवाने मनातल्या मनात वजाबाकी केली असावी. चौकात तो काही बोलला नाही. चहाला बसलो तेव्हा म्हणाला, "आजोबा, त्या दिवशी मी निघालो असतो तर तुम्ही मला जाऊ दिलं असतं?"

सौ. माझ्याकडे पाहत होती, सूनबाई कपाकडे. मोठं वाक्य ओठांवर आलं होतं. देशापुढे घर ते काय, अशा छापाचं. अशा चौकात तशीच वाक्यं बोलायची आपल्याला सवय असते. मी म्हणालो, "नाही रे. बाहेरून कडी लावली असती."

"मग शिरीषकुमारच्या घरच्यांनी?"

त्या घरात त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, ते मी रचून सांगणार नव्हतो. तसं सांगितलं. तो म्हणाला, "मी खिडकीतून गेलो असतो."

अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक कपोत आहे, कबुतर. पारध्याच्या जाळ्यात पिल्लं सापडली म्हणून आई झेपावली आणि तिच्यामागून बापही. अवधूताने त्यावरून शिकून घेतलं, की अति स्नेह हा फास आहे. प्रवचनात हे ऐकताना मी दरवेळी मान डोलावतो. पण मी गृहस्थ आहे, त्या कबुतराच्या जातीचा. दुसऱ्याच्या मुलाच्या स्मारकापुढे मी नमस्कार करतो आणि माझ्या नातवाला कडी लावतो. यात लबाडी आहे का? परतताना मुलगा म्हणाला, "बाबा, अशाने तो भित्रा होईल." सूनबाई म्हणाल्या, "खरं तेच बोलले ना ते." माझं मत असं, की तिथे मी मोठं वाक्य फेकलं असतं तर नातू एवढंच शिकला असता, की स्मारकापुढे बोलायचं एक असतं आणि घरात वागायचं दुसरं. मग पुढच्या प्रत्येक किल्ल्यावर, प्रत्येक चौकात त्याने माझं बोलणं त्याच हिशेबात धरलं असतं. शिरीषकुमारचं मोल कळायलाही ती कडी लागते. त्यालाही कोणाचा तरी जीव अडवत असेलच की. शूरपणा फक्त गोळीपुढे उभं राहण्यात असतो, असं आपण मुलांना सांगतो. उंबरा ओलांडतानाचं कोणी सांगत नाही, कारण त्या उंबऱ्यावर आपण स्वतः उभे असतो.

नातवाचं आणि माझं या विषयावर अजून संपलेलं नाही. परवा फोनवर त्याने विचारलं, "कडी लावली असती, पण नंतर स्वतः गेला असता का मिरवणुकीत?" मी म्हटलं, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणारी पुष्कळ मंडळी हा अंक वाचत असतील. नातवंडं बरोबर असतील तर चिमठाण्याला पाच मिनिटं थांबा. वेळ असला तर परतताना नंदुरबारवरून या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी घरूनच घ्या, यात्रेत फार गर्दी असते. माणिक चौकात भाषण करू नका. पाचही नावं मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मग तो काही विचारतो का, तेवढं पाहत चहा घ्या.